तीन पैशांचे अंतर

बारा वर्षांत झालेल्या बारा सरावांत एकोणीस सभासदांनी बंद पाकिटांतून बोल्या लावल्या. त्यांतली सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान बोली यांच्यातले अंतर शंभर रुपयांमागे तीन पैशांहून अधिक कधीच नव्हते. तेराव्या खेपेला, म्हणजे मंगळवार, ४ ऑक्टोबर २०४४ रोजी, सराव नव्हता. त्या दिवशी अठरा पाकिटे उघडली आणि अठराही कोरी निघाली.

नागपुरात वर्धा रोडवरच्या एका इमारतीचे वरचे दोन मजले वीज-करार समाशोधन गृहाच्या ताब्यात होते. एवढे लांब नाव कोण घेणार? शहरात सगळे त्याला नुसते ‘क्लिअरिंग’ म्हणत. पवनचक्क्यांच्या एखाद्या कंपनीने डिसेंबरातली संध्याकाळची वीज आजच ठरलेल्या भावाने विकली आणि एखाद्या सिमेंट कारखान्याने ती घेतली, की क्लिअरिंग त्या दोघांच्या मध्ये उभे राहत असे. विकणाऱ्याच्या दृष्टीने ते घेणारे होई आणि घेणाऱ्याच्या दृष्टीने विकणारे. दोघांपैकी एक बुडाला तरी दुसऱ्याचा करार टिकावा, एवढ्यासाठीच ही व्यवस्था. प्रत्येक विक्रीसमोर तेवढीच खरेदी असल्यामुळे क्लिअरिंगच्या पारड्यात एरवी शून्य असते. सभासद बुडाला, की त्याच्या बाजूचे वजन अचानक नाहीसे होते आणि पारडे कलंडते.

त्या दिवसासाठी लेखी योजना तयार असते. बुडालेल्याचे करार एकगठ्ठा लिलावात काढायचे आणि उरलेल्या सभासदांना विचारायचे: किती रुपये दिले, तर हे ओझे तुम्ही उचलाल? जो कमी मागेल त्याला ते द्यायचे. ती रक्कम आधी बुडालेल्याच्या अनामतीतून काढायची, ती संपली की क्लिअरिंगच्या भांडवलातून, आणि तेही संपले की सर्व सभासदांच्या सामाईक निधीतून. लिलावच झाला नाही, तर योजनेचे शेवटचे पान उघडायचे. त्या पानावर एकच उपाय होता: करार फाडणे. तसे झाले तर इस्पितळांपासून नळयोजनांपर्यंत ज्यांनी ज्यांनी हिवाळ्याची वीज ठरल्या भावाने घेऊन ठेवली होती, त्या सगळ्यांच्या हाती कागद उरला असता.

दहा-अकरा हजार करारांचे मोल माणसाला दुपारभरात ठरवता येत नाही, म्हणून प्रत्येक सभासदाकडे बोलीयंत्र सक्तीचे होते. यंत्र उदाहरणांवरून शिकते. खरोखर बुडालेल्या सभासदांची उदाहरणे क्लिअरिंगपाशी नव्हती, कारण कोणी बुडालेच नव्हते. मग वर्षातून एकदा होणाऱ्या सरावाची यादी घ्यायची, तिच्यात लाखो बारीक फेरफार करायचे आणि यंत्राला त्यावर घडवायचे, अशी पद्धत पडली. सुरक्षेसाठी यंत्राला एक कुलूप होते. समोर आलेली यादी शिकलेल्या कोणत्याही यादीसारखी नसेल, तर यंत्राने अंदाज न करता पाकीट कोरे ठेवायचे. हे कुलूप काढायला दोन सह्या लागत: संचालकांची आणि बुडीत-व्यवस्थापन विभागाच्या प्रमुखांची.

त्या विभागाच्या प्रमुख होत्या डॉ. हेमेश्वरी रहांगडाले. गाव गोंदिया जिल्ह्यातले आमगाव, शिक्षण भौतिकशास्त्राचे, वय त्रेचाळीस. योजना खऱ्या संकटात उपयोगी पडेल, अशा प्रमाणपत्रावर त्यांनी सात वर्षे सही केली होती.

*

पश्चिम किनाऱ्यावर सलग नऊ दिवस वारा पडला होता. येत्या तीन महिन्यांतली संध्याकाळची पवनवीज अवाच्या सवा विकून बसलेल्या अनिलवेग ऊर्जा या सभासदाला सकाळी साडेनऊची वाढीव अनामत भरता आली नाही. सव्वादहाला तो बुडाल्याचे जाहीर झाले. बाराला लिलाव झाला. बारा वाजून चार मिनिटांनी पाकिटे उघडली.

“सगळी कोरी? काहून?” संचालक श्रीकांत पोहरे पडद्याच्या इतके जवळ गेले की त्यांच्या श्वासाची वाफ काचेवर धरली.

“कुलूप पडलंय, साहेब. यंत्रांना ही यादी ओळखू येत नाही,” हेमेश्वरी म्हणाली.

“बारा वर्षांपासून वळखून राहिली, अन् आजच्याच दिवशी नाही?”

खोलीत तिसरे गृहस्थ होते मुरलीधर ठवरे. वय सत्तर, कडक इस्त्रीचा बुशशर्ट. बाराही सरावांतला काल्पनिक सभासद त्यांनी रचला होता. निवृत्तीनंतरही सल्लागार म्हणून त्यांना बोलावले जाई आणि आज तर ते बोलावण्याआधीच आले होते. हेमेश्वरीला नोकरीवर घेणारेही तेच.

“यंत्र बरोबर आहे,” ठवरे म्हणाले. “कुलूप जरा कडक बसवलं असंल.”

पोहऱ्यांनी क्लिअरिंगकडची चाचणीची प्रत, जिला सह्या लागत नसत, कुलूप काढून चालवली. यंत्राने क्षणात आकडा दिला: तीनशे चाळीस कोटी.

“बसा आता,” ते मोकळे होऊन म्हणाले. “अनिलवेगची अनामत चारशे दहा आहे. म्हणजे त्याच्याच पैशात भागतं. आपल्या खिशाला हात नाही, कोण्या सभासदाच्याही नाही. माझी सही झाली. तुमची करा.”

“हा आकडा खोटा असला तर?”

“मशीन सभासदाचं, बोली सभासदाची. घेणारा समजून-उमजून घेतो ना? मले साडेतीनले हे घर उभं पाहिजे. पुढच्या आठवड्याचं पुढच्या आठवड्यात.”

“पुढच्या आठवड्यात तोच घेणारा बुडेल आणि आपण याच खोलीत असू. तेव्हा ओझं दुप्पट असेल.”

“असंल! असंल म्हणजे माहीत नाही. तुम्ही सायन्सवाले. पुरावा द्या, मी सही मागे घेतो. तीनची दुसरी फेरी आहे. तोवर.”

मागणी रास्त होती. साडेबारा वाजले होते आणि हेमेश्वरीपाशी पुरावा नव्हता.

*

पाच मिनिटांनी फोन वाजला. पलीकडे तिचा धाकटा भाऊ खुमेश होता. भंडारा-गोंदियातल्या राईस मिलवाल्यांनी मिळून काढलेल्या वैनगंगा ऊर्जा सहकारी संस्थेचा तो व्यवस्थापक. अठरा सभासदांत ही संस्था सर्वांत लहान.

“ताई, कुलूप काढा ना बापा! आमच्या मशीनचं कुलूप काढून पाहू म्हटलं तर तुमच्या दोन सह्या पायजेत.”

“हा फोन रेकॉर्ड होतो, खुमेश.”

“होऊ दे! मी काय चोरी करून राहिलो? पोहरे साहेबांच्या ऑफिसातून सगळ्यांना कळलं, साडेतीनशेच्या आत बसते म्हणून. अशा भावात आम्ही पूर्णच्या पूर्ण उचलतो. एका दिवसात संस्था कुठल्या कुठे जाईल. तू एवढी शिकली, मी पण कधी काही करू की नाही?”

पूर्ण ओझे उचलले, तर संस्था खरोखरच कुठल्या कुठे जाईल, असे तिला वाटत होते. पण लिलाव चालू असताना एका बोलीदाराला काही सांगणे हा गुन्हा होता. सांगायचे तर अठरांना, नाहीतर कोणालाच नाही.

“आईकडे गेला होतास का रविवारी?” तिने विचारले.

“आई? आत्ता आई कुठून आली मधात?”

“ठेवते.”

“ताई, मशीन बारा वर्षांत एकदाबी चुकली नाही!”

फोन ठेवल्यावर ते वाक्य तिच्या डोक्यात राहिले. एकदाही चुकली नाही. पदव्युत्तर वर्गाला ती प्रयोगशाळेत शिकवत असे, तेव्हा वीस विद्यार्थ्यांची मापे तिसऱ्या दशांशापर्यंत जुळली की ती वह्या परत करी. खऱ्या मापात विखुरण असते. ती नसेल तर एक तर कोणी कोणाची वही पाहिलेली असते, नाहीतर मोजायला काही नसते आणि सगळे जण उपकरणाचे शून्य वाचत असतात. पाकिटे बंद होती, म्हणजे वही पाहण्याचा प्रश्न नव्हता.

राहिले शून्य.

ती जवळजवळ धावतच ठवऱ्यांच्या टेबलापाशी गेली. “काका, सरावांच्या याद्या तुमच्याकडे आहेत?”

“मोहोरबंद आहेत, यंत्रांशिवाय कोणी पाहिलेल्या नाहीत. तुला दाखवता येत नाही. कोणाचे करार कशात आहेत ते त्यातून कळतं, म्हणून मी शब्द दिलेला आहे.”

“यादी नको. बेरीज सांगा. बाराव्या सरावात काल्पनिक सभासदाचे करार किती?”

त्यांनी चष्मा लावला आणि स्वतःच्या किल्लीने फाईल उघडली. “अकरा हजार दोनशे चाळीस. चांगला मोठा केला होता.”

“त्यात विक्रीचे?”

“पाच हजार सहाशे सत्तावीस.”

“खरेदीचे?”

“पाच हजार सहाशे तेरा.”

“म्हणजे उरतात चौदा.” तिचा आवाज चढला. “अकरावा सराव?”

ते आकडे वाचत गेले आणि ती वजाबाकी करत गेली. नऊ. बावीस. सात. सोळा. तिसऱ्या सरावाला त्यांचा वाचण्याचा वेग कमी झाला. पहिल्याला ते थांबले आणि त्यांनी चष्मा काढला.

अनिलवेगचे करार होते दहा हजार नऊशे आठ. त्यांतले विक्रीचे दहा हजार सहाशे पंचावन्न, खरेदीचे दोनशे त्रेपन्न. उरत होते दहा हजार चारशे दोन, सगळे एकाच बाजूचे, सगळे संध्याकाळचे, सगळे वाऱ्यावर विसंबलेले.

विक्री आणि खरेदी एकाच यादीत सारखी असली की वीज महागली तरी एका हाताचा तोटा दुसऱ्या हाताच्या नफ्यात विरून जातो. अशी यादी कितीही लांब असो, तिला वजन नसते. वजन नसलेल्या वस्तूची किंमत एकोणीस जणांनी सारखीच सांगितली, यात नवल काही नव्हते. यंत्रांनी बारा वर्षे निष्ठेने एकच धडा गिरवला होता: यादी लांब, ओझे हलके. कुलूप काढल्यावर त्यांनी तोच धडा अनिलवेगला लावला असता. तीनशे चाळीस कोटींचा अर्थ एवढाच होता.

तिला या क्षणी भीती वाटायला हवी होती. पण वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर असलेली गोष्ट एकदम दिसली की जे होते तेच झाले. तिला आनंदच झाला.

“बारा वर्षं आपण शून्याचा लिलाव करतोय, साहेब!” ती पोहऱ्यांच्या दारातून म्हणाली.

पोहऱ्यांनी आकडे दोनदा वाचले. मग त्यांनी आपल्या सहीवर आडवी रेघ मारली. “आता करायचं काय? माणसाले जमते का हे तीन वाजेपर्यंत?”

“अख्खं नाही जमणार. तुकडे करू.”

*

दीडला अठराही सभासद पडद्यावर आले. अनिलवेगची यादी त्यांच्यापुढे उघडी करावी लागणार होती. सरावाचे गुपितही सांगावे लागणार होते. ठवरे भिंतीला टेकून उभे होते. हेमेश्वरीने त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि सुरुवात केली.

तिने सगळे आकडे वाचले. मग पुण्याच्या एका सभासदाच्या प्रतिनिधी मीनल दाबके यांनी घसा साफ केला.

“रहांगडाले बाई, यंत्र सक्तीचं तुम्ही केलंत. प्रमाणपत्रावर सही तुमची. आणि आज दुपारी दीड वाजता सांगताय, की यंत्र बाजूला ठेवा आणि कागद-पेन्सिल घ्या?”

“हो. सही माझीच आहे.”

“मग आम्ही तुमच्या आजच्या गणितावर का विश्वास ठेवायचा?”

“ठेवू नका. वजाबाकी आहे, स्वतः करून पाहा.”

कोणीतरी हसले. दाबके बाईंनी खाली पाहिले. बहुधा वजाबाकी करत होत्या. मग त्या म्हणाल्या, “पुढे बोला.”

“करारांचे चोवीस तुकडे केले आहेत. तीन महिने, संध्याकाळचे चार तास, कामाचे दिवस आणि सुट्ट्या. ज्याच्याकडे धरणाचं पाणी आहे त्याने आपला तास बघावा, ज्याच्याकडे बॅटऱ्या आहेत त्याने आपला. यंत्र नको. तुम्ही विजेच्या धंद्यात आहात, तुम्हाला तुमची वीज माहीत आहे.”

“मॅडम,” हा खुमेशचा आवाज. चारचौघांत तो तिला ताई म्हणत नसे. “तो मशीनचा आकडा... साडेतीनशेच्या आतला...”

“तो आकडा शून्यावर शिकलेला आहे. हे मी सगळ्यांना सांगते आहे.”

पडद्यावरच्या अठरा चौकटींतल्या सर्वांत लहान चौकटीत खुमेशने कपाळावरचा घाम पुसला.

पुढचा दीड तास क्लिअरिंगच्या इतिहासात अपूर्व होता. बारा वर्षे सरावाच्या दिवशी सभासदांचे प्रतिनिधी जेवायला येत आणि यंत्रे काम करत. आता माणसे एकमेकांवर ओरडत होती, धरणावरच्या अभियंत्यांना फोन लावत होती, पाण्याची पातळी विचारत होती. एका तुकड्याला एकोणीस कोटींची बोली आली आणि त्याच तुकड्याला दुसऱ्याची चव्वेचाळीस. हेमेश्वरीला ते अंतर पाहून हायसे वाटले. ही विखुरण होती. कोणीतरी खरोखर काहीतरी मोजत होते.

तीन वाजता तेवीस तुकडे गेले होते. चोविसावा राहिला: डिसेंबर, कामाचे दिवस, संध्याकाळी सात ते आठ. वर्षातला सर्वांत महाग तास. धरणवाल्यांचे पाणी इतर तासांत वाटून झाले होते. नियम स्पष्ट होता. एक तुकडा राहिला तरी लिलाव फसला, आणि शेवटचे पान.

“दहा मिनिटं वाढवतो,” पोहरे म्हणाले. “त्याच्या पुढे मले अधिकार नाही.”

तीन वाजून चार मिनिटे. सहा. दाबके बाई कोणाला तरी फोनवर “अहो, पण किती टक्के?” असे विचारत होत्या. आठ.

“वैनगंगा,” खुमेश म्हणाला. “एकसष्ट कोटी.”

“एकसष्ट? लुटायले बसला का रे?” पोहऱ्यांच्या तोंडून निघून गेले; माईक चालू होता.

“साहेब, डिसेंबरात आमच्या मिली रात्रंदिवस चालतात, तूस ठेवायला जागा राहत नाही. तुसावरचे सगळे जनरेटर सात ते आठ चालवले तर एवढी वीज निघते. पण मिली त्या तासाला बंद ठेवाव्या लागतील. सत्तावीस मिलवाल्यांना त्याचा मोबदला द्यावा लागेल. मी आत्ताच एकेकाला विचारलं. एकसष्टाच्या खाली एक रुपया होत नाही.”

हेमेश्वरीने एकसष्टचा आकडा कागदावर टिपला. तिला बोलायची परवानगी नव्हती आणि गरजही नव्हती. आकडा हिशेबातून आला होता.

“बोली मान्य,” पोहरे म्हणाले.

एकूण सातशे दोन कोटी. अनामतीचे चारशे दहा, क्लिअरिंगचे साठ, सामाईक निधीतले दोनशे बत्तीस. साडेतीनला पारडे पुन्हा शून्यावर आले. एकही करार फाटला नाही.

“आमचे जवळजवळ तेरा कोटी गेले,” दाबके बाई म्हणाल्या. “पण वजाबाकी बरोबर होती.” आणि त्यांची चौकट काळी झाली.

*

पाच वाजता अहवाल लिहायला घ्यायचा होता. काय घडले ते तिला माहीत होते. का घडले ते नव्हते. सहज वेचलेल्या यादीत बारा वेळा खरेदी आणि विक्री अशी फिटत नाही. यादी कोणीतरी तशी रचावी लागते. आणि ठवऱ्यांसारखा माणूस ती वेडेपणाने रचणार नाही.

ते तिच्या खोलीत आले. बसले नाहीत.

“सगळ्यांसमोर सांगितलंस.”

“एकट्यादुकट्याला सांगता येत नव्हतं, काका.”

“ते माहीत आहे मला. तो नियम मीच लिहिला.” ते खिडकीपाशी गेले. “बारा सराव म्हणतो आपण. झाले तेरा. सगळ्यांत पहिला कागदावर नाही.”

“तांत्रिक कारणाने रद्द, अशी नोंद आहे. एसी बंद पडला होता म्हणून.”

“एसी चालू होता. त्या वेळी मी एका सभासदाची खरी यादी घेतली होती, फक्त नाव बदललं. जेवायच्या वेळी त्यांच्या साहेबांनी ती ओळखली. भरल्या पंगतीत उभे राहिले अन् म्हणाले, ‘ठवरे, जित्या माणसाचं मयत मांडलं तुम्ही.’ ताट तसंच टाकून गेले. पुढे त्यांच्या सोबत्यांनी कुजबुज सुरू केली, की यांचंच नाव का घेतलं, यांचं काही खरं दिसत नाही. महिनाभर त्यांना कोणी धड भाव देईना. चांगला माणूस होता. मी घरी जाऊन माफी मागितली.”

“आणि मग?”

“मग ठरवलं, की कोणालाच स्वतःचा चेहरा दिसू नये. एकोणीस जणांकडून सारखे सारखे करार घ्यायचे. सगळ्यांचे थोडे थोडे. कोणी विकणारा, कोणी घेणारा. कोणाचाच अपमान नाही.” ते वळले. “वजाबाकी कधी केली नाही मी. दर वर्षी बोल्या जुळायच्या, मला वाटे सराव छान झाला.”

“मीही केली नाही. सात वर्षं.”

“अहवालात माझं नाव लिही.”

“कारण लिहायचं आहे, काका. नाव नाही.”

“नाव लिही, हेमा. नाहीतर ते म्हणतील मशीन बिघडलं.”

तिने संगणक पुढे ओढला. अहवालाच्या ‘कारण’ या सदराखाली तिने पुढील मजकूर लिहिला. ठवऱ्यांनी तो उभ्यानेच वाचला, ‘मुरलीधर’मधला राहिलेला ‘ली’ दाखवून दुरुस्त करवून घेतला आणि खाली सही केली.

“बोलीयंत्रांत दोष आढळला नाही. सरावातील काल्पनिक सभासदाची यादी श्री. मुरलीधर ठवरे हे सर्व सभासदांचे समान करार एकत्र करून तयार करीत, जेणेकरून कोणत्याही सभासदाला आपल्या बुडण्याचे चित्र पाहावे लागू नये. समाशोधन गृहात प्रत्येक विक्रीसमोर खरेदी असते. म्हणून सर्वांचे करार एकत्र केले की ते परस्परांना रद्द करतात. सरावांत लिलावाला ठेवलेले ओझे त्यामुळे बाराही वेळा जवळजवळ शून्य होते. बोल्यांतले तीन पैशांचे अंतर हा तयारीचा पुरावा समजला गेला. तो ओझे नसल्याचा पुरावा होता. यंत्रे या याद्यांवर शिकली आणि एका बाजूला झुकलेली खरी यादी त्यांना ओळखता आली नाही. यादीची वजाबाकी करून पाहण्याची जबाबदारी विभागप्रमुख डॉ. हेमेश्वरी रहांगडाले यांची होती. ती सात वर्षे करण्यात आली नाही.”